ॲप्रनला डांबर की काँक्रीट? बेळगाव भागातल्या नव्या इंजिनिअरांसाठी

डिप्लोमा किंवा बीई सिव्हिल करून पहिल्यांदाच विमानतळाच्या साइटवर जाणाऱ्या पोरांना रस्त्याचं काम ठाऊक असतं. पीडब्ल्यूडीचा रस्ता, फार तर चौपदरी हायवे. म्हणून ॲप्रनचा, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: डांबर की काँक्रीट? खरं तर हा प्रश्न बराच नंतरचा. खाली माती कसली आहे, वर कोण आणि किती वेळ उभं राहणार, पाणी कुठं जाणार, एवढं आधी कागदावर यायला हवं. ते आलं की उत्तर बहुतेक वेळा ‘दोन्ही, पण वेगवेगळ्या जागी’ असंच निघतं.

खाली जे लिहिलंय ते बेळगाव, खानापूर, निपाणी, गोकाक या पट्ट्यातली माती, दगड आणि पाऊस समोर ठेवून. बेळगावचा विमानतळ, म्हणजे सांबऱ्याचा, १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने बांधला. पुढे धावपट्टी वाढवून २३०० मीटर केली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. धावपट्टी लांबली की मोठं विमान उतरू शकतं, आणि मोठं विमान उतरलं की त्याला उभं राहायला तशी जागा लागते. ॲप्रनचं काम असं मागून येतं.

१. कोण उभं राहणार ते आधी लिहा

आज येणारी विमानं आणि पुढच्या वीस वर्षांत येऊ शकणारी विमानं, दोन्ही. डिझाइनचं आयुष्य साधारण वीस वर्षांचं धरतात, त्यामुळे आजच्या वेळापत्रकावर भागत नाही.

आपल्याकडच्या लहान विमानतळांवर नेहमी दिसणारं विमान म्हणजे एटीआर-७२. कमाल वजन २३ टन. त्यातला जवळपास ९५ टक्के भार मुख्य चाकांवर येतो आणि मुख्य चाकं चार. म्हणजे एका चाकावर साडेपाच टन. एअरबस ए-३२० घेतलं तर कमाल वजन ७८ टनांच्या आसपास, मुख्य चाकं तीही चारच, म्हणजे एका चाकावर साडेअठरा टन. हा आकडा एकदा स्वतः हिशोब करून काढा, मग तो डोक्यात बसतो. आपल्या हायवेवर चार टायरच्या एका ॲक्सलला कायद्याने साडेअकरा टनांची परवानगी आहे. ए-३२०चं एकटं चाक त्या अख्ख्या ॲक्सलपेक्षा जड. वर टायरमधली हवा ट्रकच्या जवळपास पावणेदोन पट दाबाची, म्हणजे एवढा भार टेकायला जागा अगदी थोडी.

आता ‘उभं राहणं’ याचा अर्थ. गळिताच्या हंगामात साखर कारखान्याच्या गेटबाहेर उसाच्या ट्रॉल्या रात्रभर रांगेत उभ्या असतात, तो डांबरी रस्ता हंगाम संपल्यावर जाऊन बघा. तेच ट्रॅक्टर, त्याच ट्रॉल्या पुढे दहा किलोमीटर त्याच प्रतीच्या रस्त्यावरून पळत आलेल्या असतात, तिथं खड्डा नसतो. जिथं थांबल्या तिथंच चाकांच्या पन्हळी पडलेल्या. डांबराचा स्वभावच तसा. झटक्यात येऊन गेलेला भार ते झेलतं, तासन्‌तास बसलेल्या भाराखाली हळूहळू वाहतं. मे महिन्याच्या दुपारी काळा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, तेव्हा तर अधिकच. बेळगावची हवा थंड म्हणून आपण मिरवतो, पण एप्रिलमधल्या डांबराला ते कोणी सांगितलेलं नसतं.

धावपट्टीवर विमान पळत असतं, त्यातला बराचसा भार पंखांनी उचललेला असतो. ॲप्रनवर इंधन भरलेलं, माणसं बसलेलं विमान एकाच ठिकाणी टेकून असतं. त्यामुळे ‘धावपट्टी डांबरी चालते, मग ॲप्रन का नको’ हा प्रश्न मीटिंगमध्ये कोणी विचारला, तर हे उत्तर तयार ठेवा. हमखास विचारतात.

२. माती: इथं घाई करायची नाही

बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरकडे, तांबडी माती आणि जांभा. पूर्वेकडे, बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, अथणीकडे सरकाल तशी काळी. मध्ये मुरूम कुठं दोन फुटांवर लागतो, कुठं दोन मीटर खणूनही लागत नाही. एकाच ॲप्रनच्या दोन टोकांना दोन प्रकार निघाले तरी नवल मानू नका. म्हणून एक खड्डा घेऊन रिपोर्ट लावणाऱ्या ठेकेदाराचं ऐकू नका. जागेवर जाळी आखून खड्डे घ्या आणि प्रत्येकाचा थर मोजून लिहा.

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा देते. ती किती फुगणारी आहे हे बघायची एक सोपी चाचणी आहे, प्रयोगशाळा साइटवर नसली तरी जमते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली वाळवलेली माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि चोवीस तास हात लावायचा नाही. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. समजा रॉकेलमधली १० मिलिलिटरवर बसली आणि पाण्यातली १७ वर, तर फुगवटा ७० टक्के. पन्नासच्या वर गेलं की ती माती तशीच ठेवून वर काहीही बांधायचं नाही, डांबरही नाही, काँक्रीटही नाही.

दुसरी चाचणी सीबीआर, म्हणजे दाबलेल्या मातीत दट्ट्या घुसवून तिची भार पेलण्याची ताकद टक्क्यांत मोजायची, आणि ती भिजवलेलीच. नमुना चार दिवस पाण्यात ठेवून केलेली. काळ्या मातीचा सीबीआर कोरडा असताना चांगला दिसतो, भिजला की दोन-तीनवर येतो. एप्रिलमध्ये केलेल्या कोरड्या चाचणीवर डिझाइन झालं तर जुलैमध्ये त्याचं बिल येतं.

उपाय नेहमीचेच आहेत. थर पातळ असेल तर काढून टाका आणि मुरूम भरून थराथराने दाबा. जाड असेल तर वरच्या भागात चुना मिसळून स्थिर करा आणि वर निवडक मुरमाचं पांघरूण घाला. जांभ्याबद्दल एक इशारा: खाणीतून काढताना मऊ असतो, उघड्यावर कडक होतो, घराच्या भिंतीला उत्तम. पण जांभ्याचा चुरा भरावात घातला आणि त्यात पाणी साठलं तर तो मऊ पडतो. स्वस्त मिळतो म्हणून सरसकट वापरू नका, त्याचीही भिजवलेली चाचणी घ्या.

काँक्रीट इथं एक फसवा दिलासा देतं. स्लॅब ताठ असल्यामुळे भार लांबवर पसरवतो, त्यामुळे खालची माती थोडी कमजोर असली तरी चालतं, असं पुस्तकात वाचलेलं असतं. ते खरं आहे. पण काँक्रीटला सगळीकडे सारखा आधार लागतो. एका कोपऱ्याखाली काळी माती फुगली आणि बाजूला मुरूम जागच्या जागी राहिला, तर स्लॅब मध्येच मोडतो. मोडलेला स्लॅब काढून नवा टाकणं म्हणजे ते स्टँड, एक विमान उभं राहायची ती जागा, कित्येक दिवस बंद.

३. तो लांबलचक कोड वाचायला शिका

विमानतळाच्या कागदांत फरसबंदीची ताकद एका कोडमध्ये लिहिलेली असते. जुनी पद्धत पीसीएन. तिच्या जागी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची नवी पीसीआर पद्धत २८ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाली. जुने नकाशे आणि फायली हाताळताना दोन्ही भेटतील, आणि आकडे एकमेकांशी थेट ताडायचे नाहीत. मोजमाप वेगळं आहे.

कोडमध्ये पाच गोष्टी येतात: ताकदीचा आकडा, ‘आर’ म्हणजे काँक्रीटसारखी ताठ फरसबंदी किंवा ‘एफ’ म्हणजे डांबरी, लवचिक, मातीचा वर्ग ए ते डी, टायरच्या दाबाची मर्यादा डब्ल्यू ते झेड, आणि शेवटी ‘टी’ म्हणजे तांत्रिक हिशोब करून काढलेला आकडा किंवा ‘यू’ म्हणजे वापरात असलेल्या विमानांवरून धरलेला. नव्या पद्धतीत मातीचा वर्ग तिच्या लवचिकता गुणांकावरून, म्हणजे भाराखाली ती किती ताठ राहते त्या आकड्यावरून, ठरतो: १५० मेगापास्कल आणि वर ‘ए’, ६० च्या खाली ‘डी’. तीन सीबीआरची काळी माती सरळ ‘डी’मध्ये जाते. विमान फरसबंदीवर किती भार टाकतं तो त्याचा स्वतःचा आकडा, एसीआर, त्याच मातीच्या वर्गासाठी बघायचा आणि तो पीसीआरपेक्षा कमी किंवा बरोबर हवा. अधूनमधून थोडा जास्त चालतो, नव्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत, पण ती सोय अपवादाची आहे. रोजच्या विमानाला ती लावू नका.

जाडी काढायला आपल्याकडे सहसा अमेरिकन विमान वाहतूक प्रशासनाचं फारफिल्ड हे सॉफ्टवेअर वापरतात, ते फुकट मिळतं. दोन-तीन खोटी उदाहरणं घालून खेळून बघा. मातीचा आकडा बदलल्यावर डांबरी जाडी किती उसळते आणि काँक्रीटची किती कमी हलते, हे पडद्यावर दिसलं की वरचं सगळं पटतं.

४. नकाशावर जागा वेगळ्या रंगवा, मग साहित्य निवडा

इथं बहुतेक नवे लोक चुकतात. अख्ख्या ॲप्रनला एकच फरसबंदी असं धरून चालतात.

विमान जिथं उभं राहतं ते स्टँड, आणि स्टँडच्या तोंडाशी जिथं वळतं तो भाग: इथं काँक्रीट. भाराचं कारण वर आलं. दुसरं कारण इंधन. विमानाचं इंधन म्हणजे केरोसीनच्या जातीचं, आणि डांबरही पेट्रोलियममधूनच आलेलं. एकाने दुसरं विरघळतं. पटत नसेल तर डांबरी रस्त्याचा कापलेला एक तुकडा घ्या, त्यावर चमचाभर डिझेल ओता आणि दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून बघा. खडी सुटी होऊन हातात येते. ॲप्रनवर इंधन भरताना थेंब पडतात, हायड्रॉलिक तेल गळतं, सर्व्हिसिंगच्या गाड्यांखाली डाग पडतात. सुटलेली खडी हायवेवर काच फोडते. इथं ती इंजिनात ओढली जाते किंवा प्रोपेलरला लागते.

तिसरं कारण वळणं. लहान विमानतळांवर एटीआरसारखी विमानं कित्येकदा ट्रॅक्टरच्या मदतीशिवाय स्वतःच वळून बाहेर पडतात. त्या वेळी आतल्या बाजूची चाकं जवळजवळ जागच्या जागी फिरतात आणि पृष्ठभाग पिळतात. तापलेलं डांबर तिथं सोललं जातं.

टॅक्सीलेन, म्हणजे स्टँडकडे नेणारी वाट: इथं डांबर चालतं, पण हळू चालणाऱ्या भाराचा विचार करून. कडक ग्रेडचं डांबर, व्हीजी-४० किंवा पॉलिमर मिसळलेलं घ्या. विमानं रांगेत थांबत असतील तर तो तुकडा स्टँडच समजा.

शोल्डर म्हणजे कडेच्या पट्ट्या, सामानाच्या गाड्यांचे रस्ते, अग्निशमनाची वाट: निर्धास्त डांबर. तिथं काँक्रीट ओतणं म्हणजे पैसे पुरणं.

फ्लाइंग स्कूलची, दोन-चार आसनी विमानं उभी करायची जागा: वजन नगण्य, डांबर पुरतं. फक्त इंधन भरायच्या ठिकाणी काँक्रीटची एक पट्टी ठेवा.

ताज्या खोल भरावावरची जागा मात्र वेगळी. नाल्याकाठची खोलगट जमीन भरून ॲप्रन वाढवायचा असेल तर भराव बसायला वेळ लागतो. अशा ठिकाणी आधी डांबरी थर टाकून, भराव खाली बसेल तसा वर थर चढवत जाणं आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर वर काँक्रीट घालणं, हे माझ्या मते शहाणपणाचं. क्लायंटला पटवणं कठीण जातं, कारण उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली असते.

मधले मार्गही आहेत. भरपूर पोकळी ठेवलेल्या डांबरी थरात पातळ सिमेंट ग्राउट, म्हणजे सिमेंटचं ओतता येणारं मिश्रण, जिरवतात. त्याला सांधे लागत नाहीत आणि इंधनाला ते साध्या डांबरापेक्षा बरंच टिकतं. पेव्हर ब्लॉकही जगात ॲप्रनवर वापरले गेलेत, हाँगकाँगच्या विमानतळावर मोठ्या प्रमाणात. पण सांध्यातली वाळू इंजिनाच्या झोताने उडू नये म्हणून ती सील करावी लागते आणि खालचा थर फार काटेकोर लागतो. गल्लीतल्या फुटपाथचे ब्लॉक बसवणारी टोळी इथं चालायची नाही. डांबरावर इंधनरोधक लेप मारून भागवता येतं, तोही पर्याय धरा, पण त्याला दर काही वर्षांनी पुन्हा मारायचा खर्च धरूनच.

डांबर आणि काँक्रीट जिथं भेटतात तो सांधा नकाशावर जाड रेषेने काढा. सगळ्यात आधी तिथंच डांबर दबतं आणि पाणी आत शिरतं. त्या कडेला काँक्रीटचा स्लॅब जाड करा, सांधा वळणाच्या जागेपासून दूर ठेवा आणि चांगल्या सीलंटने भरा.

५. दगड कुठल्या खाणीचा?

कोणी हे फारसं विचारत नाही, पण आपल्या जिल्ह्यात विचारायलाच हवं, कारण इथं दोन वेगळे खडक आहेत. उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे काळा बेसॉल्ट. गोकाकच्या बाजूला क्वार्टझाइट, ज्यावरून घटप्रभा धबधब्याने कोसळते तोच.

क्वार्टझाइट उष्णतेने बेसॉल्टपेक्षा जास्त प्रसरण पावतो. त्याचं काँक्रीट दिवसा-रात्री जास्त हलतं, म्हणजे सांधे जवळ घ्यावे लागतात. डांबराच्या बाबतीत त्याची दुसरी खोड: त्याला डांबरापेक्षा पाणी जास्त आवडतं. पावसाळ्यात डांबराची पापडी खडीवरून सुटते. चुना किंवा अँटी-स्ट्रिपिंग केमिकल मिसळून ते सांभाळता येतं, पण त्यासाठी दगड कोणता आहे हे तुम्हाला माहीत असायला हवं. ठेकेदार एका क्रशरचा नमुना पास करून घेतो आणि माल दुसऱ्या क्रशरचा आणतो, हे होतंच. बेसॉल्ट काळपट निळा, क्वार्टझाइट फिकट आणि चमकदार. गाडी खाली होतानाच डोळ्यांनी कळतं. गाडीपाशी उभे राहा.

नदीची वाळू मिळणं अवघड झाल्यापासून एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरतात. त्यात हरकत काही नाही, धूळ किती आहे तेवढं तपासत राहा.

६. काँक्रीट ठरलं, आता सांधे

एम-४० काँक्रीट आणि वाकण्यातली ताकद साडेचार मेगापास्कलच्या आसपास, ही आपल्याकडची रूढ पातळी. घनाच्या, म्हणजे क्यूब दाबून फोडलेल्या चाचणीच्या, रिपोर्टवर खूश होऊ नका. स्लॅब वाकून मोडतो, म्हणून बीमची चाचणी मागा. खाली कोरडं लीन, म्हणजे कमी सिमेंटचं, काँक्रीट, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे वरचा स्लॅब मोकळेपणी सरकतो. ४५ टनांपेक्षा जड विमानं येणार असतील तर अमेरिकन नियम खालचा थर सिमेंट किंवा डांबराने बांधलेलाच मागतात, आणि आपल्या मातीवर तसाही तो हवाच.

स्लॅब चौकोनाच्या जवळ ठेवा, लांबी रुंदीच्या सव्वापटीपेक्षा जास्त नको. साधारण साडेचार-पाच मीटर. पातळ लांब स्लॅब मध्ये हमखास तडकतो.

शेजारच्या स्लॅबना सांध्यात जोडणाऱ्या सळ्या दोन प्रकारच्या. डॉवेल बार गुळगुळीत असतो, तो एका बाजूने मोकळा सरकायला हवा. टाय बार खाचांचा, तो धरून ठेवतो. नव्या मुकादमाला दोन्ही सळ्याच वाटतात. डॉवेल तिरका बसला तर सांधा जाम होतो आणि स्लॅब सांध्याऐवजी बाजूला फुटतो, म्हणून ओतण्याआधी फळीवर बसून लेव्हल आणि दोरीने बघा.

ओतलेल्या स्लॅबमध्ये सांधे कापायची वेळ हीच खरी कसोटी. लवकर कापलं तर कडेची खडी उखडते, उशीर केला तर स्लॅब स्वतःच मनाला येईल तिथं तडकतो. साधारण सहा ते अठरा तासांमध्ये कुठंतरी ती वेळ येते, आणि हवेप्रमाणे सरकते. बेळगावात उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, तो पृष्ठभाग चटकन सुकवतो. म्हणून शक्यतो रात्री ओता, फिनिशिंग झालं की लगेच ओलावा धरून ठेवणारं क्युअरिंग कंपाउंड फवारा आणि पृष्ठभाग कडक झाला की ओलं गोणपाट. कटर मशीन दोन ठेवा. एक बंद पडणारच. कापायची खोली स्लॅबच्या जाडीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शाची.

सांधा भरायला स्टँडवर पॉलिसल्फाइडसारखं इंधनाला टिकणारं सीलंटच. रस्त्यावरचं गरम डांबरी सीलंट स्वस्त पडतं, पण इंधनाने विरघळून निघतं.

हाय-मास्टचा, म्हणजे उंच दिव्याच्या खांबाचा, पाया, गटाराचे चेंबर, इंधनाचे खड्डे यांच्याभोवती स्लॅब मोकळा ठेवा. आणि विमानाची वीज जमिनीत सोडायचे अर्थिंग पॉइंट ओतण्याआधीच बसवा. नंतर ड्रिल मारणारा इलेक्ट्रिशियन नेमका डॉवेलवरच ड्रिल मारतो.

७. पाणी

स्टँडवर उतार एक टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही; विमान घरंगळू नये आणि इंधन टाकीत नीट मोजलं जावं म्हणून. इतक्या कमी उतारात आपला जुलै-ऑगस्टचा पाऊस काढायचा, म्हणजे लेव्हलिंगमध्ये पाच मिलिमीटरची चूकसुद्धा डबकं करते. उतार इमारतीपासून दूर असावा, नाहीतर सांडलेलं इंधन टर्मिनलकडे वाहत येईल. ॲप्रनचं पाणी सरळ नाल्यात सोडू नका. खाली शेतं आहेत, भातशेती आहे. आधी तेल वेगळं करणाऱ्या टाकीतून जाऊ द्या. स्लॅबच्या कडेने जमिनीखालची निचरा-नळीही घाला, विशेषतः जिथं काळी माती जवळ आहे; ती मातीतला ओलावा एका पातळीवर ठेवते.

८. वेळ आणि पैसा

डांबर सुरुवातीला स्वस्त आणि एका रात्रीत वापरता येतं. काँक्रीटला ताकद यायला चार आठवडे धरा. चालू ॲप्रनला लागून काम असेल तर टप्पे पाडा, एका वेळी एक स्टँड, आणि ऑक्टोबर ते मे यातच काँक्रीट संपवा. तुलना करताना वीस वर्षांतले डांबराचे नवे थर आणि त्यासाठी स्टँड बंद ठेवायचे दिवस दोन्ही हिशोबात घ्या. फक्त टेंडरचे दर समोर ठेवले तर डांबर दर वेळी जिंकतं.

काम ताब्यात दिल्यावर देखभालीच्या वहीत पहिली नोंद मे महिन्याची ठेवायला सांगा: प्रत्येक सांध्याचं सीलंट बोटाने दाबून बघायचं, सुटलेलं असेल तिथं मृगाच्या आत भरून घ्यायचं.